नकाशाच्या कडेवरची झाडे : ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आणि हिंगोली

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा एक मोठा संग्रह आहे. 'ब्लॅटर हर्बेरियम' या नावाने तो ओळखला जातो. १९०६ हे त्याचे स्थापनावर्ष मानले जाते. फुलझाडे, नेचे, शेवाळे, शैवले, बुरशी अशा सर्व गटांचे मिळून लाखाहून अधिक नमुने तेथे जपलेले आहेत. जगभरातील वनस्पतिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत प्रत्येक संग्रहाला एक लघुनाम दिलेले असते. या संग्रहाचे लघुनाम 'बीएलएटी' असे आहे. पश्चिम भारतातील वनस्पतींवर काम करणाऱ्या संशोधकाला आज ना उद्या या संग्रहाच्या कपाटांपाशी यावेच लागते. एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात उभे राहिलेले आणि एका प्राध्यापकाचे नाव लावणारे असे काम भारतात फार थोडे आहे.

हे प्राध्यापक म्हणजे फादर एथेलबर्ट ब्लॅटर. त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी फेरमांडणी केली, तिचा आधार कोकण, सह्याद्री, देश, गुजरात, सिंध यांवर लिहिणाऱ्यांना आजही घ्यावा लागतो. परंतु हिंगोली, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढ्याच्या परिसरातील वनस्पतींचा अभ्यास करणारा विद्यार्थी हीच पाने उलटू लागला की त्याच्या लक्षात येते, आपला मुलूख या नकाशात नाही. यात ब्लॅटर यांचा दोष नाही. त्याचे कारण शोधायचे तर वनस्पतिशास्त्राबरोबर थोडा इतिहासही पाहावा लागतो.

हर्बेरियम म्हणजे काय?

मराठीत 'शुष्क वनस्पतिसंग्रह' असा पर्याय रूढ आहे. महाविद्यालयांत मात्र सर्रास हर्बेरियम असेच म्हणतात. कल्पना सोळाव्या शतकातील. इटलीतील पिसा येथील लूका गिनी यांनी झाडे दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवण्याची रीत रूढ केली, असे मानले जाते. बाग ऋतूबरोबर बदलते, चित्रात चित्रकाराची नजर मिसळते. वाळवलेले झाड मात्र स्वतःच स्वतःचा पुरावा असते. पद्धत आजही बहुतांशी तीच आहे. फुले किंवा फळे असलेली डहाळी, आणि रोप लहान असेल तर मुळा-कंदासकट संपूर्ण रोप घ्यायचे. ते वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवायचे आणि लाकडी चौकटीत पट्ट्यांनी आवळायचे. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, अन्यथा दोन दिवसांत बुरशी चढते. झाड पूर्ण वाळले की ते सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड पांढऱ्या कागदावर चिकटवतात किंवा दोऱ्याने टाचतात. वर्तमानपत्राचा हा उपयोग वर्तमानपत्राच्या वाचकांना ठाऊक असायला हरकत नाही. न चिकटवलेला एखादा जुना नमुना ज्या अंकात गुंडाळलेला असतो, त्या अंकाची तारीखही कधी कधी उपयोगी पडू शकते.

कीड हा या कागदांचा कायमचा शत्रू. जुन्या काळी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून विषारी करीत. त्यामुळे शंभर वर्षांचे कागद टिकले, परंतु ते हाताळणाऱ्यांच्या आरोग्याला धोका राहिला. म्हणून जुना संग्रह हातमोज्यांशिवाय उघडू नये, असे आता सांगितले जाते. अलीकडे नमुने अतिशीत पेटीत काही दिवस ठेवून कीड मारतात. मुंबईच्या दमट हवेत हे काम किती चिकाटीचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चिठ्ठी असते. नमुन्याचे खरे मोल या चिठ्ठीत असते. वनस्पतीचे नाव, गोळा केल्याचे ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव व त्याचा क्रमांक, जमीन कशी होती, झाडाची उंची किती, चीक होता काय, फुलाचा रंग कोणता, गावात त्याला काय म्हणतात, हे सारे तीत यावे लागते. फुलाचा रंग वाळताना उडून जातो. चिठ्ठीत लिहिला नसेल तर तो कायमचा गेला. नाव चुकले तर पुढचा अभ्यासक ते दुरुस्त करू शकतो. ठिकाण आणि तारीख लिहिली नसेल तर मात्र ती चूक कोणालाही सुधारता येत नाही. चिठ्ठीविना नमुना हे केवळ वाळलेले गवत होय.

या कागदांपैकी काहींना विशेष दर्जा असतो. नव्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन ज्या नमुन्यावरून केले गेले, त्याला 'प्ररूप' म्हणतात. पुढे कितीही वर्षांनी वाद निर्माण झाला, तरी ते नाव नेमक्या कोणत्या झाडाचे, हे प्ररूपावरूनच ठरते. म्हणून प्ररूपांची स्वतंत्र काळजी घेतली जाते.

फादर ब्लॅटर

एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. जेझुइट संघात प्रवेश केल्यावर १९०३ मध्ये ते मुंबईस आले आणि सेंट झेवियर्समध्ये शिकवू लागले. मुंबईतील जेझुइटांचे कार्य त्या काळी जर्मन प्रांताच्या अखत्यारीत होते. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना येथून जावे लागले, तेव्हा महाविद्यालयाची घडी विस्कटली. स्विस नागरिक असलेले ब्लॅटर युरोपातील धर्मशिक्षण संपवून १९१५ मध्ये परतले. १९१९ ते १९२४ या काळात ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर ते पद सोडून त्यांनी पाचगणी गाठली. तेथे चर्चची जबाबदारी सांभाळून उरलेला वेळ त्यांनी वनस्पतींना दिला.

त्यांच्या कामाचा पल्ला पाहिला की एका माणसाने हे केव्हा केले असेल, असा प्रश्न पडतो. एडन आणि अरबस्तानच्या वनस्पती, हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातील वनस्पती, मॅक्कॅन आणि सबनीस यांच्यासह सिंधूच्या त्रिभुज प्रदेशातील वनस्पती, वझिरिस्तानातील वनस्पती असे विषय त्यांनी हाताळले. १९२२ मध्ये डी'आल्मेडा यांच्यासह मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील पुस्तक, १९२६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान व सिलोनमधील ताडवर्गीय वृक्षांवरील ग्रंथ, १९२७ पासून काश्मीरच्या फुलांवरील दोन खंड, अशी पुस्तके एकामागून एक आली. चार्ल्स मॅक्कॅन यांच्याबरोबर लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ मध्ये, तर मिलार्ड यांच्याबरोबरचे सुंदर भारतीय वृक्षांवरील पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन्ही पुस्तके पाहायला ब्लॅटर नव्हते. २६ मे १९३४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलचे ब्रूल स्मृतिपदक सर्वप्रथम त्यांना, १९३२ मध्ये, मिळाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षही होते.

सर्वसामान्य वाचकाला ब्लॅटर यांची ओळख पाचगणीच्या पठारावर अधिक चांगली होईल. जांभ्या दगडाच्या त्या सपाट माथ्यावर, पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या गवतात, त्यांनी आणि मॅक्कॅन यांनी ज्या वनस्पती टिपल्या त्यांतील काही विज्ञानाला नवीन ठरल्या. युफोर्बिया पाचगणिएन्सिस ही जमिनीलगत वाढणारी चिकाची वनस्पती, कंदीलपुष्पांच्या कुळातील सेरोपेजिया पाचगणिएन्सिस, गवतांपैकी डायकँथियम पाचगणिएन्स या नावांत एका छोट्या गिरिस्थानाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. ज्या टेबललँडवर आज घोडागाड्या फिरतात आणि चिप्सच्या पिशव्या पडलेल्या असतात, ते जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांना 'प्ररूपाचे ठिकाण' म्हणून ठाऊक आहे. पर्यटकांसाठी असलेल्या एखाद्या फलकावर एवढे तरी लिहावे, असे वाटते.

ब्लॅटर यांनी नव्या म्हणून जाहीर केलेल्या सर्वच जाती पुढे टिकल्या नाहीत. काहींचा समावेश जुन्या जातींत झाला. असे प्रत्येक मोठ्या वर्गीकरणतज्ज्ञाच्या बाबतीत होते. फेरतपासणी शक्य झाली ती त्यांनी नमुने राखून ठेवले म्हणूनच. त्यांच्या ग्रंथांपेक्षा त्यांची कपाटे अधिक महत्त्वाची का, याचे उत्तर येथे आहे. ग्रंथ काय म्हणतो ते वाचता येते. कपाटातील कागद काढून तो ग्रंथ बरोबर आहे की नाही, हे तपासता येते.

त्यांच्या मागे संग्रहाला त्यांचे नाव मिळाले आणि तो वाढवणाराही मिळाला. मुंबईतील जेझुइट कार्य जर्मनांनंतर स्पॅनिश प्रांताकडे आले होते. त्यातून आलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ १९४० पासून झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. खंडाळा आणि पुरंदर या दोन ठिकाणांच्या वनस्पतींवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते संचालक झाले, भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६७ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले. डॉ. मार्सेलिन आल्मेडा यांच्या महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील बहुखंडी ग्रंथाचे काम याच परंपरेत झाले. त्याचा पहिला खंड १९९६ चा.

सांतापाऊ यांच्या कामातील एक उदाहरण शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. त्यातील दुसरा शब्द मुंबईच्या बोरिवलीवरून आला असून हे नाव सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी दिले. या शतकाच्या सुरुवातीस महाराष्ट्रात सफेद मुसळीच्या लागवडीची लाट आली, तेव्हा भरमसाट भावाने कंद विकले गेले आणि अनेकांचे हात पोळले. क्लोरोफायटमच्या अनेक जाती आपल्या डोंगरांत उगवतात, त्यांतील काहींची भाजी खातात, काहींचे कंद सारखेच दिसतात. त्यात 'काळी मुसळी' हे तर वेगळ्याच कुळातील झाड. शंखपुष्पीची कथाही अशीच. या एका नावाखाली बाजारात विष्णुक्रांता, गोकर्ण आणि आणखी काही वनस्पती येतात, आणि वैद्यांमध्ये त्यावरून जुना मतभेद आहे. असा प्रश्न सोडवायचा, तर तज्ज्ञाच्या मताबरोबर त्याने ज्यावरून मत दिले तो कागदही समोर लागतो.

पेनगंगेच्या अलीकडे

मुंबई इलाख्याची पहिली परिपूर्ण वनस्पतिसूची थिओडोर कुक यांची. हे गृहस्थ मूळचे अभियंता, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी ती १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. १९२६ पासून ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून जे लेख लिहिले, ते या सूचीचे पुनरीक्षण होते. साहजिकच पुनरीक्षणाची सीमा मूळ ग्रंथाचीच राहिली. कराची तीत होती, कारवार होते, परभणी नव्हती.

कारण परभणी निजामाच्या राज्यात होती. हिंगोली तेव्हा त्या राज्याच्या परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. इंग्रज अधिकारी तेथे वर्षानुवर्षे राहिले, परंतु इलाख्याची वनस्पतिसूची करणाऱ्याला हा मुलूख परका होता. उत्तरेस पेनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे; त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चाले. म्हणजे सागाचे एकच रान नदीच्या दोन काठांवर पसरलेले असताना त्याची नोंद दोन वेगळ्या सरकारांच्या दप्तरात जाणार, आणि मुंबईच्या ग्रंथात ती दोन्हीकडून येणार नाही, अशी स्थिती होती.

हैदराबादकडून काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील वनवनस्पतींवर पुस्तक लिहिले. उस्मानिया विद्यापीठातील सईदुद्दीन यांनी १९३० च्या दशकात हैदराबाद संस्थानातील सामान्य वनस्पतींवर लेख प्रसिद्ध केले. परंतु या कामाचे केंद्र तेलंगणात होते. मराठवाडा तिकडूनही दूरच पडत होता. मुंबईच्या नकाशाची पूर्व कड आणि हैदराबादच्या नकाशाची पश्चिम कड यांच्या मधली ही पट्टी. शासकीय सीमांना झाडे जुमानत नाहीत, हे खरे असले तरी झाडांवर लिहिणारे जुमानतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतरच येथील वनस्पतींची येथेच बसून नोंद करण्याची सोय झाली. या कामातील मोठे नाव प्रा. वसंत नारायण नाईक यांचे. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिकवत असताना त्यांनी १९७९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आणि १९९८ मध्ये संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींवरील दोन खंड प्रसिद्ध केले. वर्गीकरणशास्त्रावरील त्यांचे पाठ्यपुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले आहे. कुक यांचा शेवटचा भाग १९०८ चा आणि नाईक यांचे खंड १९९८ चे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जी सोय होती, ती मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मिळण्यास नव्वद वर्षे लागली.

या मुलखात शोधण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. सह्याद्रीसारखी दाट सदाहरित राई येथे नाही, हे खरेच. हिंगोली जिल्ह्यात कापसाची काळी जमीन, हळदीचे मळे, पूर्णा आणि कयाधूचे काठ, पेनगंगेकडील भागात पानझडी रान, आणि उरलेल्या माळांवर गवत, असा एकंदर देखावा. साग, धावडा, सालई, मोह, बेहडा, बिबा, चारोळी, टेंभुर्णी, पळस ही दख्खनच्या पानझडी रानाची ओळखीची मंडळी. गवतांत पवना, मारवेल, कुसळी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने असा प्रदेश कमी मोलाचा नसतो. तो कमी पाहिलेला असतो. माळरानावरील पुष्कळशा कंदवर्गीय वनस्पती पहिल्या पावसानंतर थोडे दिवस फुलतात आणि जमिनीत गडप होतात. त्या दिवसांत तेथे कोणी गेले नाही, तर सूचीत त्यांचे नाव येत नाही. नंतर ती जमीन नांगराखाली आली, की कंदही राहत नाही. ती वनस्पती नष्ट झाली, असेही मग म्हणता येत नाही, कारण ती होती याचीच नोंद नाही.

उलट दिशेचे उदाहरण गाजरगवताचे. पुण्यात ते १९५१ च्या सुमारास लक्षात आले आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. आज त्याच्याशिवाय गावकूस कल्पनेत येत नाही. पण एखाद्या तालुक्यात ते नेमके केव्हा पोहोचले, हे सांगायचे असेल तर त्या तालुक्यातील दिनांकित नमुना लागतो. लोकांच्या आठवणीवर फार विसंबता येत नाही. दहा वर्षांत लोकांना ते तण पूर्वापार असल्यासारखे वाटू लागते. हवामान बदलाच्या अभ्यासकांनाही हर्बेरियमची आठवण याच कारणाने झाली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर फुललेली डहाळी आणि तिची तारीख असते; आज तेच झाड केव्हा फुलते, याच्याशी ती ताडून पाहता येते. ब्लॅटर यांना असा उपयोग सुचलाही नसेल. त्यांनी फक्त तारीख नेमाने लिहिली.

जिल्हा बदलतो, कागद राहतो

नाईक यांच्या मराठवाड्यावरील खंडांना एक वर्ष होते न होते तोच, १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. वनस्पतींच्या दृष्टीने ही घटना गमतीची आणि त्रासाची आहे. त्यापूर्वी हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागांत गोळा झालेल्या प्रत्येक नमुन्यावर जिल्हा परभणी असाच लिहिला जाणार. त्यामुळे आज कोणी संगणकावर 'जिल्हा हिंगोली' असे टाकून शोध घेतला, तर १९९९ पूर्वीचे कागद त्याला सापडणार नाहीत. जणू या जिल्ह्यात तोवर झाडेच नव्हती. १९७९ च्या उस्मानाबादवरील ग्रंथाचे तसेच. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ते १९८२ मध्ये वेगळे झाले. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत होते. आणि आता तर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले आहे. पन्नास वर्षांत मराठवाड्याच्या नकाशावरील रेघा आणि नावे इतक्या वेळा बदलली, की केवळ जिल्ह्याचे नाव असलेली चिठ्ठी अर्धी निकामी ठरते. त्याच चिठ्ठीवर गाव, ओढा, देऊळ, गावापासूनचे अंतर लिहिलेले असेल, तर मात्र ती कोणत्याही नकाशात बसवता येते. जुने जाणते संग्राहक गावाचे नाव लिहिण्याबाबत इतके काटेकोर का असत, ते यावरून ध्यानात यावे.

असा संग्रह मोठ्या शहरातच असावा लागतो, असेही नाही. विज्ञान शाखा असलेल्या जवळपास प्रत्येक महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी पंचवीस-पन्नास नमुने वाळवून वहीत लावत आले आहेत. परीक्षा झाली की या वह्यांचे काय होते, हे त्या विषयाच्या कोणत्याही पदवीधराला विचारावे. पुष्कळ ठिकाणी त्या रद्दीत जातात. काही ठिकाणी एखादे शिक्षक त्यांतील बरे नमुने काढून कपाटात ठेवतात आणि ते निवृत्त झाले की त्या कपाटाची किल्लीही हरवते. झेवियर्सचा संग्रह टिकला, यात ब्लॅटर यांच्या प्रतिभेचा वाटा आहेच. पण त्याहून मोठा वाटा त्यांच्यामागे कोणी ना कोणी किल्ली हाती घेतली, याचा आहे. जर्मन गेले, स्पॅनिश आले, ते गेल्यावर भारतीय अभ्यासक आले; कपाटे मात्र बंद पडली नाहीत.

येथे एक गोष्ट खटकते. ब्लॅटर, मॅक्कॅन, हॉलबर्ग, सांतापाऊ यांची नावे वनस्पतींच्या नावांना जोडून अमर झाली. त्यांना डोंगरात वाट दाखवणारे, झाडाचे गावातले नाव सांगणारे, ओझे वाहणारे लोक मात्र चिठ्ठीवर क्वचितच येतात. या अन्यायाची अंशतः भरपाई गावाकडच्या संग्रहाला करता येईल. स्थानिक नाव कोणी सांगितले, ते कोणत्या गावात व कोणत्या समाजात वापरले जाते, हे लिहिण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.

आता मोबाइल फोनने अक्षांश-रेखांश मिळतात, छायाचित्र निघते, आणि संग्रहातील कागदांची छायाचित्रे काढून ती संगणकावर पाहायला ठेवण्याची पद्धतही रूढ होत आहे. त्यामुळे कागद जपण्याची गरज संपली, असे काहींना वाटते. छायाचित्रातील फूल उकळत्या पाण्यात मऊ करून, उलगडून त्यातील पुंकेसर मोजता येत नाहीत. कागदावरच्या फुलाचे येतात. शंभर वर्षांच्या पानातून जनुकीय अभ्यासासाठी डीएनए काढणेही अनेकदा साधते. गवतांसारख्या गटात तर भिंगाखाली कणीस धरल्याशिवाय जात ठरवताच येत नाही, आणि मराठवाड्याच्या माळावर गवते भरपूर आहेत.

जुन्या संग्रहाची सुरुवात करणाऱ्या किंवा सापडलेला संग्रह लावून घेणाऱ्या शिक्षकांसाठी या शास्त्रात एक साधा दंडक आहे. मूळ चिठ्ठी काढून टाकायची नाही, तिच्यावर खाडाखोडही करायची नाही. वनस्पतीचे नाव चुकलेले असेल, तर शेजारी दुसरी लहान चिठ्ठी लावून त्यावर नवे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहायची. ब्लॅटर हर्बेरियममधील अनेक कागदांवर अशा चिठ्ठ्या एकाशेजारी एक लागलेल्या असतात, आणि एका झाडावर तीन पिढ्यांचे म्हणणे एकाच जागी वाचता येते. ठिकाणाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या रानातील एखाद्या जुन्या नमुन्यावर 'जिल्हा परभणी' असे असेल, तर ते तसेच राहू द्यायचे. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तीवर 'सध्या जिल्हा हिंगोली' असे लिहायचे, आणि खाली तारीख व सही करायची.